आईच्या मशीनचं वॉरंट

चि. सौ. धाकटीस, आरोपी थोरलीचे पोटभर आशीर्वाद. मेहुण्यांना माझा नमस्कार सांग. (फिर्यादीच्या यजमानांना आरोपीने नमस्कार केलेला कायद्यात बसतो का, हे मी आमच्या वकीलबाईंना विचारून घेतलं. बसतो म्हणाल्या, फक्त धमकी देऊ नका.)

लिहिण्यास कारण असं, की गेल्या बुधवारी मला अटक झाली. तशी मंगळवारीच व्हायची होती, पण ते पुढे येईलच. तू घाबरू नकोस. आता मी सुटले आहे, घरी आहे, खिडकीशी बसून नातीच्या वहीची पानं फाडून लिहिते आहे. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, तिसरीत नाव काढलं ते काढलं. तेव्हा ओळी तिरक्या गेल्या तर पान तिरकं धर.

तुझा गुडघा कसा आहे? म्हणजे सात वर्षांपूर्वी दुखत होता तो. मधल्या काळात दुसराही दुखायला लागला असेल तर त्याचीही खुशाली कळव. मेहुण्यांचा खोकला गेला का? नातू तेव्हा खाटेखाली घुसून बसायचा आणि भिंतीचा पोपडा खायचा, तो आता पाढे म्हणत असेल. (पोपडा खाणं सुटलं ना?) माझ्या सगळ्या चौकशा अशा सात वर्षांच्या शिळ्या आहेत, त्याला मी तरी काय करू? तू इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नाहीस. मीही लिहिली नाही म्हणा. पण मी पडले थोरली, थोरलीने आधी लिहायचं नसतं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कुणी बसवलं होतं, ते आता आठवू जाता आठवत नाही.

तर मंगळवारी साडेचारच्या सुमारास मी डाळ निवडत बसले होते आणि बेल वाजली. दारात तिघं. एक आमच्या इथल्या ठाण्याची शिपाईबाई, एक इथलाच शिपाई, आणि त्यांच्यामागे तुमच्या राज्याचा फौजदार, चांगला उंच, पण चेहरा असा की आजारपणातून उठलाय. त्याने कागद काढून माझं नाव वाचलं. बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं लांबलचक. खरं सांगते, हे गेल्यापासून माझं पूर्ण नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. आजी, मावशी, तिसऱ्या मजल्यावरच्या, अशीच मी झाले होते. मला बाई इतकं बरं वाटलं, की मी म्हटलं, हो मीच, या ना आत. तो म्हणाला, "आजी, वॉरंट आहे तुमच्यावर." मी म्हटलं, असू दे, आधी बसा.

तो दोन दिवस गाडीत बसून आला होता. बुटाचा एक तळ सुटून जिभेसारखा लोंबत होता. मला वाटायचं परराज्याचा पोलीस आला की थेट येऊन माणसाच्या दंडाला धरत असेल. तसं मुळीच नसतं. त्याला आधी इथल्या ठाण्यात जावं लागतं, तुमच्या कोर्टाचा कागद दाखवावा लागतो, इथल्या वहीत नोंद करून घ्यावी लागते, मग इथली माणसं बरोबर घेऊन यावं लागतं, आणि बाईला न्यायचं तर बाईमाणूस पोलीस हवी. या सगळ्यात त्याची सकाळपासूनची दुपार झाली होती आणि पोट रिकामं. मी भात टाकला. शिपाईबाई नको नको म्हणत होती, मग तीही बसली. जेवता जेवता फौजदार म्हणाला, की तीन वेळा समन्स पाठवलं, तिन्ही वेळा पोचल्याची तुमची सही आहे, तरी तुम्ही आला नाहीत, म्हणून ही पाळी आली.

तेव्हा मी अगदी अभिमानाने उठले आणि पलंगाखालचा पत्र्याचा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, बघा, एक कागद गहाळ केलेला नाही. तुला ठाऊक आहे, आमच्या घरी पहिल्यापासून कामं वाटलेली. शिक्का असलेला कागद आला की हे वाचणार आणि मी ठेवणार. चाळीस वर्षं हे असंच चाललं. हे गेले, तसं वाचण्याचं काम थांबलं, माझं ठेवण्याचं चालू राहिलं. पोस्टमन आला, सही केली, गोल शिक्का बघितला, की जशीच्या तशी पाकिटं डब्यात. फोडायची माझी छाती होत नव्हती ग. वाटायचं, ह्यांनी फोडायचं पाकीट मी फोडलं तर हे नाहीत हे पक्कंच होईल. (नात म्हणाली, आजी मला द्यायचंस की. तिला कसं देणार, तेव्हा ती शाळेत होती, आणि नंतर सवयच झाली.)

फौजदाराने एकेक पाकीट फोडलं. तिन्ही समन्स निघाली, घडी न मोडलेली. विजेचं एक बिल निघालं. आणखी एक जाड लिफाफा होता, त्यावरही शिक्का होता, पण तो कोर्टाचा नाही म्हणून त्याने न उघडता परत डब्यात ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आजी, हे वाचायचं असतं." इतकं गरिबासारखं म्हणाला की मलाच त्याची दया आली आणि मी आणखी भात वाढला. तेवढ्यात शिपाईबाईने घड्याळ बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाली, "साहेब, सूर्य बुडाला. आता बाईला अटक करता येत नाही, उद्या आठला या." फौजदाराने दोन्ही हातांत डोकं धरलं. मी मुद्दाम नाही ग केलं. माझ्या हातून वाढणं लवकर आटपत नाही, तू नेहमी म्हणायचीस.

बुधवारी मी सातलाच तयार होऊन बसले होते. पिशवीत दोन लुगडी, औषधं, चष्मा. नातीने तिच्या मैत्रिणीच्या बहिणीला बोलावून आणलं, त्या आमच्या वकीलबाई. वयाने इतक्या लहान की काळा कोट थोरल्या भावाचा घातलाय असं वाटतं. परराज्याच्या वॉरंटचं काम त्यांनी आधी कधी केलेलं नव्हतं, रिक्षात मांडीवर जाड पुस्तक उघडून वाचत होत्या आणि खड्डा आला की पान हरवायचं. तरी समजावून छान सांगितलं. मला कळलं ते असं, की समन्स म्हणजे बोलावणं, जामीनपात्र वॉरंट म्हणजे रागावून बोलावणं, आणि अजामीनपात्र म्हणजे कान धरून आणणं. माझं कान धरून आणणं निघालं होतं. मी विचारलं, म्हणजे जामीन नाहीच का? तर म्हणे तसं नाही आजी, मिळतो, पण हक्काने नाही, मागावा लागतो. मी मनातच म्हटलं, हे मला नवीन नाही. आई गेल्यावर माहेर असंच होतं.

अटक केल्यावर चोवीस तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. आमचं कोर्ट म्हणजे एक लांब खोली, वर दोन पंखे, त्यातला एक फिरतो. बाकांवर माणसं अशी बसलेली की दवाखान्यात नंबर लावलाय. मॅजिस्ट्रेट साहेब म्हणजे कपाळाला आठ्या आणि समोर थंड झालेला चहा. त्यांना मी पहिल्यापासून सगळं सांगायला लागले, की साहेब, आमची आई लोकांचे कपडे शिवायची, त्या मशीनवर तिने आम्हा दोघींना वाढवलं, तर साहेब म्हणाले थांबा. मी थांबले आणि पुन्हा सुरू केलं. असं तीनदा झालं. शेवटी त्यांनी चष्मा काढून सांगितलं, की बाई, तुम्ही मशीन चोरलं की नाही चोरलं, हे मला विचारायचंच नाही. ते तिकडचं कोर्ट बघेल. मी फक्त इतकं बघणार, की कागद खरा आहे का, आणि कागदावरची बाई ती तुम्हीच का.

आणि इथे बघ वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांनी वॉरंटवरचं वर्णन आधीच वाचून ठेवलं होतं. कागदावर माझं वय किती टाकलंय ठाऊक आहे तुला? बावन्न. सात वर्षांपूर्वीची फिर्याद धरली तरी आज एकोणसाठ व्हायला हवं, आणि मी आहे एकाहत्तर. (हे कसं झालं ते मी सगळ्यांच्या आधी ओळखलं. तू ठाण्यात स्वतःचं वय शेहेचाळीस सांगितलंस ना? मग थोरलीला बावन्नावर आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझी काही तक्रार नाही.) पुढे लिहिलंय, केस काळे, लांब, दाट. वकीलबाई म्हणाल्या, "सर, माझ्या अशिलाकडे बघा. ही कागदावरची बाई वाटते का?" सगळं कोर्ट माझ्या डोक्याकडे बघायला लागलं. साहेबांनी फौजदाराला विचारलं, ही तीच बाई कशावरून? फौजदार कागद उलटसुलट करायला लागला. वकीलबाईंचा चेहरा फुलला. नातीने मागून माझा पदर ओढला, म्हणजे गप्प बस.

धाकटे, मी एक शब्द बोलले नसते तर मोकळी होऊन दुपारच्या जेवणाला घरी आले असते. पण मी त्या कागदाचाच विचार करत होते. मशीन गेलेलं, तू रागाने लाल, मेहुणे रिक्षा थांबवून घाई करताहेत, ठाण्यातला हवालदार विचारतोय केस कसे, आणि तू सांगतेस दाट. तेव्हाच माझे निम्मे गळून गेले होते. तुला ते दिसलेच नव्हते. तुला मी अजून वेणी घालायला बसलेली दिसत होते. आणि मला वाटलं, की मी ती नव्हेच, असं ठरलं, तर खटला माझा नाही, तारीख माझी नाही, आणि मग तुझ्या गावाला यायला मला कुठलं कारण उरतं?

मी म्हटलं, साहेब, खाली खुणेच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचायला सांगा. वाचलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पेरावर सुई आरपार गेल्याची खूण. मी बोट वर केलं. म्हटलं, ही बघा, मीच ती. वकीलबाई मटकन खाली बसल्या. साहेबांनी मला जवळ बोलावून बोट नीट बघितलं आणि पहिल्यांदा हसले. म्हणाले, इतक्या वर्षांत आरोपीने ओळख पटवून दिलेली पहिल्यांदाच बघतोय.

ही खूण सगळ्या जगात एकट्या तुला ठाऊक. मी अकरा वर्षांची, तू पाच. मी सुईत दोरा ओवत होते आणि तू म्हणालीस मी चाक फिरवते, आणि फिरवलंस. आईने मारलं ते मला, मशीनला हात लावला म्हणून. चाक कुणी फिरवलं हे मी सांगितलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. पन्नासहून जास्त वर्षांनी सरकारी कागदावर तूच ते लिहून दिलंस. म्हणजे विसरली नव्हतीस.

पुढे दोन रस्ते होते. फौजदाराने मागितला तो ट्रान्झिट रिमांड, म्हणजे मला चार दिवस त्याच्या ताब्यात द्यायचं आणि त्याने गाडीने तुमच्या कोर्टात नेऊन उभं करायचं. मला तो मनापासून पसंत होता. बसायला पक्की जागा, सोबत बाईमाणूस, म्हाताऱ्या बाईला याहून काय हवं? पण वकीलबाईंना माझ्या बोटाचा राग आला होता, त्या हट्टाने ट्रान्झिट जामीन मागायला लागल्या, म्हणजे इथल्या कोर्टाने थोड्या दिवसांपुरतं सोडायचं आणि त्या मुदतीत आपण होऊन तिकडे हजर व्हायचं. वय सांगितलं, रक्तदाब सांगितला. साहेबांनी फौजदाराला विचारलं, तुमची हरकत आहे का? आता फौजदाराने सकाळीच घरी मशीन बघून ठेवलं होतं. मला नेलं तर मुद्देमाल म्हणून तेही न्यावं लागणार, दोन गाड्या बदलून, तळ सुटलेल्या बुटांनिशी. ते उचलून बघताना त्याच्या पाठीतून आवाज आला होता तो मीही ऐकला. तो म्हणाला, काहीच हरकत नाही सर.

मग जामीनदार कोण, तर खाली दुकान असलेला कुलूपवाला धावत आला. (चोरीच्या आरोपीला जामीन कोण, तर कुलूपवाला. कोर्टातला कारकून हे लिहिताना दोनदा थांबला.) तीन आठवड्यांची मुदत मिळाली. आणि मशीनचं काय केलं ठाऊक आहे? घरी येऊन रीतसर पंचनामा केला, मशीन एक, लोखंडी, हाताने चालवायचं, जुनं, बॉबिन केस नाही. आणि मग सुपुर्दनामा करून ते मशीन तुमच्या कोर्टात हजर करेपर्यंत सांभाळायला माझ्याच ताब्यात दिलं. म्हणजे चोरलेला माल राखायला चोरच ठेवली. मी सही केली. फौजदार निघताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, आजी, एवढी तारीख चुकवू नका, मला पुन्हा यायला लावू नका. त्याच्या बुटाला मी सुतळी बांधून दिली.

आता कोर्टाने मला जे सांगू दिलं नाही ते तुला सांगते. तू तिथे होतीसच, तरी एकदा माझ्या बाजूने ऐक. आईला जाऊन अकरा दिवस झाले होते. साडेसातची गाडी होती. तू खाली नळावर पाणी भरायला गेली होतीस. मशीन खिडकीखालच्या खाटेवर होतं. आई मला एकदा म्हणाली होती, हे तुझं. नात म्हणते तुलाही म्हणाली असेल, दोघींनाही म्हणाली असेल, आया म्हणतात. असेलही. मी ते चादरीत गुंडाळलं. तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर? आणि त्याहून मोठी भीती ही, की विचारलं, तू घे म्हणालीस आणि रडायला लागलीस तर? आईने शेवटची चार वर्षं तुझ्याकडे काढली. तू तिचं सगळं केलंस. मी सणासारखी येऊन जायची. मशीन मागायला माझ्याकडे तोंड कुठे होतं? म्हणून न मागता नेलं. जिन्याने उतरले. तू नळाशी पाठमोरी उभी, कळशी भरत होतीस. माझ्यात आणि तुझ्यात सहा पावलं असतील. येते ग, एवढं म्हणायचं होतं. मी तुझ्या पाठीमागून निघून गेले.

त्या मशीनवर मी सात वर्षांत एक टाका घातलेला नाही. बॉबिन केस तू आदल्या संध्याकाळी तेल द्यायला काढून घेतली होतीस, ती तुझ्याकडेच राहिली. खालचा दोरा धरणारं कुणी नसलं की वरचा दोरा नुसता जातो आणि परत येतो, टाका पडत नाही. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, आजी, कुठेही मिळते, उद्या आणून देतो. मी म्हटलं, नको. त्याला वाटलं म्हातारी चिकट आहे. रोज सकाळी मी त्यावरचा कपडा काढते, पुसते आणि पुन्हा झाकते. मशीन न्यायचं होतं म्हणून नेलं, आणि आणल्या दिवसापासून मला ते तुझ्या घरात, खिडकीखाली, होतं तिथेच दिसतं.

तेव्हा सोळा तारखेला, सकाळी अकराला, मी मशीन घेऊन तुमच्या कोर्टात येते आहे. बरोबर नात आणि वकीलबाई असतील. (वकीलबाई आता बोलायला लागल्या आहेत.) तू येशीलच असं नाही. नाही आलीस तरी मी समजेन. मी तुझ्यावर रागावलेली नाही, माझ्यावर आहे. मेहुण्यांनी तेव्हा तुला ठाण्यात नेलं त्याबद्दलही मनात काही नाही, कुणीतरी मला तुझ्याकडे ओढून आणायला हवंच होतं, फक्त सात वर्षं लागली. मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापा, पोपडेवाल्याला दोन.

तुझी,
सध्या जामिनावर असलेली,
थोरली

ता. क. येशीलच असं नाही, असं वर लिहिलं, पण तू आलीच पाहिजेस. वकीलबाईंनी काल सांगितलं, की हा जामीन नुसता तिथपर्यंत पोचण्यापुरता. तिथे उभी राहिले की वॉरंट रद्द करायचा अर्ज आणि नवा जामीन, आणि त्याला जामीनदार तिकडचाच हवा, तिथे घर असलेला, मला ओळखणारा. कुलूपवाला चालत नाही. नाही मिळाला तर थेट कोठडी. सगळ्या त्या राज्यात मी एकाच माणसाला ओळखते. फिर्यादी आरोपीला जामीन राहू शकते का, हे वकीलबाईंनी जाड पुस्तकात दोन रात्री शोधलं. चालत नाही असं कुठे लिहिलेलं सापडलं नाही म्हणाल्या, पण कुणी कधी केलं असंही सापडलं नाही. घराचा कागद घेऊन ये. आणि वय खरं सांग, या वेळी खोटं सांगितलंस तर दोघींना आत टाकतील.

दुसरा ता. क. बॉबिन केस आणायला विसरू नकोस. पंचनाम्यात कमी दाखवली आहे.

तिसरा ता. क. पत्र बंद केलं होतं, आज पुन्हा उघडते. जामिनाच्या हुकमाची नक्कल मी सवयीने डब्यात टाकायला गेले, तर नातीने हात धरला. म्हणाली, आता या घरात आधी वाचायचं, मग ठेवायचं. आणि तिने तो राहिलेला जाड लिफाफा फोडला. पत्ता छापील अक्षरात (तुझ्या सुनेने लिहिला असेल), वर रजिस्टरचा गोल शिक्का, म्हणून मी तो कोर्टाचा समजले होते. आत तुझं पत्र. तीन वर्षांपूर्वीचं. मी वर लिहिलंय ना, की तू एक ओळ लिहिली नाहीस, ते खोडलं असतं, पण शाई पलीकडे फुटली असती. तेव्हा ते वाचताना सोडून दे.

नातीने मोठ्याने वाचलं. मशीन राहू दे तुझ्याकडे, असं तू लिहिलंयस. फिर्याद मागे घ्यायला गेलीस तर कारकून म्हणाला, आरोपीही समोर हवी, दोघींच्या सह्या लागतात, म्हणून एकदा ये, असं लिहिलंयस. मी तेव्हा ते फोडलं असतं तर वॉरंट निघालंच नसतं, आणि त्या बिचाऱ्याचा बूटही वाचला असता. आणि शेवटी लिहिलंयस, की त्या दिवशी नळाशी उभी असताना तुला माझ्या चपलांचा आवाज ओळखू आला होता, ताई हाक मारेल म्हणून तू मुद्दाम मागे वळली नाहीस, कळशी भरून वाहायला लागली तरी. आणि विचारलंयस, न सांगता का गेलीस?

याचं उत्तर माझ्याकडे होतं ते वर लिहून झालं, आणि तुझं वाचल्यावर ते अगदीच पातळ वाटतंय. एवढंच सांगते, की जामीन देताना तिकडचं कोर्ट कधी कधी अट घालतं म्हणे, की आरोपीने परवानगीशिवाय राज्य सोडून जायचं नाही. वकीलबाई ती अट टाळण्याची खटपट करणार होत्या. मी त्यांना सांगितलं, की टाळू नका, साहेब विसरले तर आपण मागून घ्या. या वेळी मला तुला न सांगता जाता येणार नाही.